सूर्याचे किरण आणि सूर्याचे कण: ओझोनच्या बाबतीत गल्लत नको

‘सूर्य खवळला की ओझोनचा थर विरतो’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता राहवत नाही. यात सूर्याचे अतिनील किरण आणि सूर्याकडून येणारे प्रोटॉन (विद्युतभारित कण) यांची सरमिसळ झाली आहे. ओझोनवर दोघांचा परिणाम नेमका उलट होतो.

ओझोन अतिनील किरण अडवतो, हे शाळेपासून ठाऊक असतं. पण तो ओझोन घडतो याच किरणांमुळे, हे मात्र विसरलं जातं. २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात, सुटा अणू दुसऱ्या रेणूला जोडला जातो आणि ओझोन तयार होतो. सूर्यावर डाग वाढतात तेव्हा त्याचा एकूण प्रकाश जेमतेम ०.१ टक्का वाढतो, पण हे आखूड किरण काही टक्क्यांनी वाढतात. म्हणून सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रात (सूर्याच्या खवळण्या-शांत होण्याच्या फेऱ्यात) सूर्य भरात असताना जगभरचा ओझोन १-२ टक्के जास्त भरतो. हो, जास्त!

प्रोटॉनची गोष्टच वेगळी. मोठ्या स्फोटानंतर ते सुटतात आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं. तिथल्या हवेत ते नायट्रोजनची आणि हायड्रोजनची ऑक्साइडं तयार करतात आणि ती ओझोन खातात. हायड्रोजनवाली लवकर संपतात. नायट्रोजनवाली ध्रुवावरच्या लांब रात्रीत महिनोन्‌महिने टिकतात आणि हळूहळू खाली स्थितांबरात, म्हणजे बहुतेक ओझोन असलेल्या थरात, उतरतात. जुलै २००० च्या सौर प्रोटॉनच्या वादळात उत्तर ध्रुवाकडे मध्यांबरातला (स्थितांबराच्या वरच्या थरातला) ओझोन काही उंचीवर ७० टक्क्यांपर्यंत घटला. हाच आकडा उचलून लोक घाबरवतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. कारण मध्यांबरात मुळात ओझोन नावापुरताच असतो. जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा ओझोन धरला तर घट १ टक्काही नव्हती.

म्हणून ‘सौर घडामोडींचा परिणाम’ असं मोघम लिहू नये. किरण म्हणायचे आहेत की कण, ते स्पष्ट लिहावं.

अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र या दोन्हींमुळे पडलेलं नाही. ते क्लोरोफ्लुरोकार्बनांमधल्या (पूर्वी फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या रसायनांमधल्या) क्लोरीनचं काम. १९८० च्या दशकात सूर्य भरातून शांत झाला, पुन्हा भरात आला. छिद्र मात्र एकंदरीत वाढतच गेलं.