रिंग बसायला चढ लागतो

नव्या इंजिनाच्या सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत नसते. कारखान्यात ती आधी अचूक मापाला बोअर करतात आणि मग मुद्दाम ओरखडतात. फिरत फिरत वर-खाली होणारे घासणीचे दगड तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा काढतात. या कामाला होनिंग म्हणतात. रेषांची खोली जेमतेम काही मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे ओरखडे डोळ्यांना दिसतात ते केवळ उजेड त्यांच्यावर तिरपा पडतो म्हणून.

घरच्या पाट्याला टाकी लावून घेताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यामागचं कारण लगेच कळेल. टाकीच्या खळग्यांशिवाय वाटण पाट्यावर धरत नाही, नुसतं सरकत राहतं. आणि टाकी नवी असताना दगडाची कच येते, म्हणून पहिले मूठभर तांदूळ वाटून टाकून देतात. सिलिंडरवरच्या रेषा ऑइल धरून ठेवतात, आणि त्यांची कच इंजिनाच्या पहिल्या ऑइलात उतरते.

या भिंतीवरून, वर-खाली होणाऱ्या पिस्टनभोवतीच्या रिंगा घासत जातात. साधारणपणे तीन असतात: वरच्या दोन जळत्या वायूला अडवतात, खालची भिंतीवरचं जास्तीचं ऑइल निपटून खाली पाठवते. रिंग कितीही काळजीने बनवलेली असो, नवी असताना ती भिंतीला सगळीकडून टेकत नाही. दोघींचे बारीक उंचवटे तेवढे एकमेकांना लागतात. उरलेल्या फटींतून वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरतो आणि ऑइल वर जाऊन जळतं. पहिल्या काही तासांत या उंचवट्यांची टोकं झिजून सपाट होतात, खोल रेषा मात्र ऑइल धरायला शिल्लक राहतात. मेस्त्री याला ‘रिंग बसली’ म्हणतात. गाडी नवी, म्हणजे ‘रनिंग’मध्ये असताना आपण जी काळजी घेतो, त्यातली निम्म्याहून अधिक या एका कामासाठी असते.

आता रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडासा असतो. खरा जोर असतो तो स्फोटाच्या वायूचा. तो रिंगेच्या वरून खोबणीत शिरतो, तिच्या मागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. थ्रॉटल, म्हणजे आपला अ‍ॅक्सिलरेटर, जितका उघडा, तितका हा दाब जास्त. पूर्ण उघडला तर पेट्रोल इंजिनात तो हवेच्या दाबाच्या ४०-५० पट होतो. थ्रॉटल जेमतेम उघडा असेल तर त्याचा लहानसा हिस्साच उरतो. म्हणून ‘हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी ४०च्या वर नेऊ नको’ हा सल्ला ऐकला की मला त्या गाडीची काळजी वाटते. सतत हळू आणि हलकी चालवलेल्या इंजिनात रिंगा नीट दाबल्याच जात नाहीत. भिंतीवर राहिलेलं ऑइल तापून तिथेच भाजतं, रेषा बुजतात आणि भिंतीला चकाकी येते. एकदा ही चकाकी आली की रिंग बसणं अवघड. मग इंजिन उघडून पुन्हा होनिंग करण्यावाचून फारसा इलाज राहत नाही.

तरी तो सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी खुळं म्हणणार नाही. त्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवल्या आहेत. १९७२ साली आलेल्या चेतकसारख्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमधूनच इंजिनात जायचं. नवा पिस्टन तापून फुगला की सिलिंडरमध्ये आवळून बसायचा, इंजिन जाम. घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडली तर पेट्रोल थांबायचं आणि त्याच्यासोबत वंगणही. त्या इंजिनांसाठी जपून चालवणं अगदी बरोबर होतं. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं, पंपाने फिरवलेलं असतं, आणि भिंतीची घडण कितीतरी अचूक असते. धोका संपलेला नाही, पण तो आता दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे हे समजायला थोडं गणित करू. १०० सीसीच्या बाईकमध्ये पिस्टन एका वेळी साधारण ५० मिलिमीटर सरकतो. एका फेऱ्यात खाली-वर मिळून १० सेंटिमीटर. ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांना, मिनिटात ४०० मीटर, तासात २४ किलोमीटर. टॉप गिअरला त्या वेळी गाडी पंचेचाळीसच्या आसपास असते. म्हणजे रत्नागिरीहून चिपळूणला पोहोचेपर्यंत रिंग भिंतीवर त्याच्या निम्मं अंतर घासून आलेली असते. आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा, खाली एकदा क्षणभर थांबतो. वरच्या टोकाला तो थांबतो त्याच सुमारास वायूचा दाब कळसाला जात असतो.

रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ साली बेअरिंगमधलं घर्षण वेग आणि भार यांच्याबरोबर कसं बदलतं, याचे आलेख प्रसिद्ध केले. आजही वंगणाचा विचार त्याच आलेखापासून सुरू होतो. वेग पुरेसा असला की ऑइलचा थर दोन पृष्ठभागांना पूर्ण वेगळं ठेवतो. वेग कमी आणि भार जास्त झाला की थर पातळ होत होत तुटतो, आणि धातू धातूला लागतो. नव्या इंजिनाला घातक ती हीच जोडी. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मागे माणूस, पुढे सामान, आणि चौथ्या गिअरला धडधडत, कण्हत वर चढणारी नवी बाईक: थ्रॉटल पूर्ण पिळलेला, फेरे मात्र कमी. चालवणाऱ्याला वाटतं आपण इंजिनाला रेस न करता जपतोय. खरं तर एक गिअर खाली घेऊन फेरे वाढवले तर प्रत्येक स्फोटाचा भार हलका होतो आणि ऑइलचा थर टिकतो.

ऑइलमधल्या रसायनांचाही यात वाटा आहे. त्यात झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग मिसळलेलं असतं. घासणीच्या जागी, उष्णतेत, त्यापासून फॉस्फेटचा काचेसारखा थर धातूवर तयार होतो. जाडी मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढी, पण झीज रोखायला ती पुरते. तो थर तयार व्हायला इंजिन गरम व्हावं लागतं. वाडीतून बाजारात, बाजारातून वाडीत, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होतच नाही. वर आपल्या पावसाळी दमट हवेत, अर्धवट तापलेल्या इंजिनात ज्वलनातून तयार झालेली वाफ थंड होऊन ऑइलात उतरते. झाकण उघडलं की आतून पांढरट चिकट फेस दिसतो तो त्याचाच. नव्या गाडीने आठवड्यातून एकदा तरी पाऊण-एक तास सलग चालावं.

आणि चालायला आपल्या कोकणातल्यासारखा रस्ता नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, खाडीला उतरायचं, पुन्हा सडा. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जा, किंवा देवगडहून कुणकेश्वर, आचरा करत मालवणला. थ्रॉटल एका जागी दहा मिनिटं राहत नाही. चढाला रिंग दाबली जाते. उताराला थ्रॉटल मिटून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडली की सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, खालून थोडं ऑइल वर ओढलं जातं, भिंत पुन्हा ओली होते. चढाला अर्धा-पाऊण थ्रॉटल थोडा वेळ, मग मोकळीक, मग पुन्हा. मॅन्युअलने घातलेली आरपीएमची किंवा थ्रॉटलची मर्यादा पाळूनच, हे वेगळं सांगायला नको. बहुतेक मॅन्युअलांत ही मुदत पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरची असते, काहींत जास्त.

गणपतीला मुंबईहून नवी कार घेऊन निघणाऱ्यांची अडचण उलटी असते. माणगावच्या कोंडीत तासभर इंजिन नुसतं चालू, आणि पुढे मोकळा रस्ता मिळाला की एकाच वेगाने सुसाट. दोन्ही नव्या रिंगांना नको असलेल्या गोष्टी. कोंडी हलत नसेल तर इंजिन बंद करा, आणि मोकळ्या हायवेवर वेग अधूनमधून कमी-जास्त करा.

हेच तत्त्व होड्यांना आणखी कडक लागू होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरात इंजिनं उघडतात, रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं अस्तर, बदलतात. बोट धक्क्याला बांधून नुसतं इंजिन तासन्‌तास चालू ठेवलं तर ते ‘मोकळं’ होत नाही, उलट भिंतीला चकाकी येते. डिझेलला हे फार लवकर होतं. बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे निम्म्या फेऱ्यांना फक्त आठवा हिस्सा भार. त्यामुळे ओव्हरहॉल झालेलं इंजिन समुद्रात नेऊन टप्प्याटप्प्याने भार वाढवूनच बसवावं लागतं.

पहिलं ऑइल वेळेवर बदला, एक दिवसही पुढे ढकलू नका. बाहेर निघताना ते चंदेरी झाक मारतं. धातूची ती कच बेअरिंगमध्ये फिरत राहण्यापेक्षा डब्यात गेलेली बरी. बदलीत मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, वरून कुठलंही खास रसायन नको. पावसात घेतलेल्या बाईकचे टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, आणि ब्रेकच्या डिस्कला पॅड बसायला वेळ लागतो, हे वळणांवर लक्षात असू द्या.

रिंगा बसल्या की नाही हे ऑइलच्या पातळीवरून कळतं. सपाट जागी मेन स्टँडवर लावून, मॅन्युअलने सांगितल्याप्रमाणे पातळी पाहा आणि तारीख-किलोमीटर लिहून ठेवा. सुरुवातीला थोडी उतरेल, मग उतरणं थांबायला हवं. पहिल्या सर्व्हिसिंगनंतरही ती उतरतच राहिली, किंवा उतार संपून थ्रॉटल उघडताना मागून निळसर धूर आला, तर वॉरंटी असतानाच गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. जळणाऱ्या ऑइलातला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि तोही निकामी करत जातो.