आयपीव्ही६ : तुमच्या दुकानातल्या आणि ऑफिसातल्या नेटवर्कचं काय होणार?

‘तुमच्या जोडणीवर आयपीव्ही६ सुरू करत आहोत’ असा इंटरनेट कंपनीचा मेसेज आला, की आम्हाला फोन येतात. नेट बंद पडणार का? राउटर बदलायचा का? नेट बंद पडत नाही. राउटर मात्र एकदा तपासून घ्यावा लागतो.

इंटरनेटवर जोडायला आकड्यांचा एक पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आयपीव्ही४ ही या पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही६ ही नवी. १९८१ पासून चालत आलेल्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यावर बरेच ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. नेट वापरताना ते जाणवत नाही. पण घरून दुकानाच्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला) थेट जोडायला गेलात की अडतं. कुरियरवाल्याला इमारतीचं नाव मिळालं, फ्लॅट नंबर नाही, अशी गत. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) कितीही नीट करा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्यासाठीच्या कायम पत्त्याचे, पैसे भरावे लागतात. (क्यूआर कोड स्कॅन करून ॲपवर कॅमेरे पाहणाऱ्यांना सहसा ही अडचण येत नाही. ते कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडलेले असतात.)

आयपीव्ही६ चा पत्ता बराच लांब, १२८ बिटांचा, म्हणून पत्ते अफाट; त्यामुळे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. चारनंतर एकदम सहा का? पाच हा क्रमांक आधीच एका प्रयोगात वापरून झाला होता. दोन्ही आवृत्त्या एकाच तारेवर शेजारी-शेजारी चालतात, म्हणून जुना प्रिंटर किंवा हजेरीचं बायोमेट्रिक मशीन भंगारात काढू नका. ती आतल्या नेटवर्कवर आयपीव्ही४ वरच राहू द्या.

आता खरी काळजीची गोष्ट. आतापर्यंत पत्ते वाटून घेतल्यामुळे बाहेरच्या माणसाला तुमच्या आतल्या उपकरणांपर्यंत सरळ येता येत नव्हतं. तो आडोसा फुकटात मिळाला होता. आयपीव्ही६ मध्ये तो नाही. तिथे राउटरच्या फायरवॉलनेच (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यानेच) अडवायचं असतं. काही स्वस्त राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल बंद असते, काहींत नसतेच. त्यात डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल, तर कॅमेरे जगाला उघडे. म्हणून आधी पासवर्ड बदला, मग फायरवॉल तपासा, आणि त्यानंतरच आयपीव्ही६ चालू करा. कॅमेऱ्यासाठी सगळी दारं उघडण्यापेक्षा व्हीपीएन (तुमच्यापुरता बंदिस्त, सुरक्षित मार्ग) लावून घेणं आम्हाला जास्त पटतं. शिवाय थेट जोडणीसाठी तुम्ही ज्या नेटवरून बघता तिथेही आयपीव्ही६ हवं.

राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ चा पर्याय असेल तर फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की बहुधा भागतं. ‘याने स्पीड वाढेल’ असं सांगून कोणी नवा राउटर गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. सुरू केल्यावर एखादी साइट उघडायला वेळ लागू लागली, तर कॉम्प्युटरमधून आयपीव्ही६ बंद करून टाकण्याआधी आम्हाला कळवा. दोष बहुतेक वेळा राउटरच्या अर्धवट सेटिंगमध्ये निघतो.

आमचा माणूस येईल तेव्हा राउटरचा लॉगिन पासवर्ड, इंटरनेट कंपनीने दिलेला युजर आयडी आणि डीव्हीआरचा पासवर्ड हाताशी ठेवा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवलात, तर राउटर बदलायचा की नाही हे बहुतेक वेळा फोनवरच सांगता येतं.