गन्सल म्हणजे गनमॅन नव्हे

गनमॅन कोण ते सांगायला नको. पुढाऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर आपण त्याला पाहतोच. अमेरिकन गुन्हेगारी कथांत तो रखवाली करण्याऐवजी माणसं मारतो, इतकंच. गोंधळ होतो तो त्याच कथांत भेटणाऱ्या 'गन्सल' या शब्दाचा. सुरुवातीला 'गन' दिसली की लोक पुढे बघतच नाहीत, 'बंदूकधारी गुंड' असा अर्थ ठोकून मोकळे होतात. मला हे फार खटकतं. या 'गन'चा बंदुकीशी काडीचाही संबंध नाही.

मूळ शब्द यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, 'गेंड्झल'. अर्थ राजहंसाचं पिल्लू. जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस' आणि आपला 'हंस' ही सगळी एकाच कुळातली भावंडं, म्हणजे शब्द तसा आपल्या नात्यातलाच! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालगाड्यांतून फुकट भटकणाऱ्या अमेरिकन होबोंच्या बोलीत हे पिल्लू शिरलं आणि त्याचा अर्थ झाला वयाने मोठ्या पुरुषाने 'ठेवलेला' तरुण. समलिंगी संबंधावरून हिणवणारी ती सरळसरळ शिवी होती.

मग बंदूक आली कुठून? डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' ही गुप्तहेर सॅम स्पेडची कादंबरी 1929 पासून 'ब्लॅक मास्क' मासिकात क्रमशः येत होती. संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्द वेचून काढायचे. रहस्यकथाकार एर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार शॉ अडले ते 'गूजबेरी ले'पाशी. त्याचा अर्थ फक्त दोरीवर वाळत घातलेले कपडे चोरणं! खरी शिवी, 'गन्सल', त्यांनी बंदूकवाला समजून जाऊ दिली. स्पेड ती ज्याला घालतो त्या विल्मरपाशी, म्हणजे खलनायक गटमनच्या तरुण साथीदारापाशी, खरोखरच पिस्तुलं आहेत, त्यामुळे वाचकही फसले. कादंबरीवरच्या 1941 च्या चित्रपटात सेन्सॉरच्या नजरेतूनही ती निसटली.

पुढच्या लेखकांनी तोच चुकीचा अर्थ उचलला आणि आता कोशांत दोन्ही अर्थ सापडतात. नंतरच्या कथांत 'बंदूकवाला' म्हणा, माझी हरकत नाही. हॅमेटच्या पानावर मात्र तो अर्थ लावला की स्पेडचा टोमणाच मरतो. विल्मरच्या पिस्तुलांची त्याला पर्वा नाही. घाव आहे तो जाड्या गटमनशी असलेल्या त्या पोराच्या नात्यावर.