फुकट खात्याची किंमत : ब्रिटनमधील ओव्हरड्राफ्ट शुल्कवादाची पार्श्वभूमी

खात्यातील शिल्लक संपल्यावरही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलू देण्याची सोय म्हणजे ओव्हरड्राफ्ट. आपल्याकडे हा शब्द, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘ओडी’, बहुधा दुकानदार आणि कारखानदारांच्या तोंडी असतो. ब्रिटनमध्ये मात्र ज्या खात्यात पगार जमा होतो त्याच साध्या खात्यावर ही सोय मिळते. मंजूर मर्यादा ओलांडून खाते उणे गेले, की बँक त्याबद्दल ठरावीक रक्कम कापून घेत असे आणि 2005-06 च्या सुमारास ती दर खेपेला साधारण 25 ते 39 पौंड होती. समजा, पगार व्हायला एक दिवस उरला असताना पाच पौंडांचा हप्ता खात्यावर आला आणि शिल्लक अपुरी म्हणून परत गेला, तर त्यापायी तीस-पस्तीस पौंड जात. त्या कपातीमुळे खाते आणखी उणे होई, पुढचा हप्ताही परत जाई आणि त्याचीही वेगळी कपात होई.

ग्राहकांचा आक्षेप दोन आधारांवर उभा होता. करारभंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा रक्कम ठरवलेली असेल, तर तो दंड ठरतो व वसूल करता येत नाही, हे तत्त्व 1915 च्या डनलॉप टायर कंपनीच्या खटल्यापासून इंग्लंडमध्ये प्रमाण मानले जात होते (आपल्या 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 याच प्रश्नाविषयी आहे). दुसरा आधार ग्राहक करारांतील अन्याय्य अटींविषयीच्या 1999 च्या नियमावलीचा. एप्रिल 2006 मध्ये ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी संस्थेने क्रेडिट कार्डावरील 12 पौंडांपेक्षा जास्त दंड अन्याय्य मानला जाईल असे जाहीर केले, तेव्हा कपात कळवणाऱ्या, संगणकाने आपोआप काढलेल्या एका पत्राला पस्तीस पौंड खर्च कसा येतो, हा प्रश्न बँक खात्यांबाबतही विचारला जाऊ लागला.

पैसे परत मागण्याची रीत साधी होती आणि तिला वकील लागत नसे. माहिती संरक्षण कायद्याखाली जास्तीत जास्त दहा पौंड भरून सहा वर्षांचे खातेउतारे मागवायचे, कपातीच्या एकेका नोंदीवर खूण करून बेरीज करायची, बँकेला पत्र लिहायचे आणि नकार आल्यास लहान रकमांच्या दिवाणी दाव्यात वार्षिक 8 टक्के व्याजासह ती रक्कम मागायची. बहुतेक बँका सुनावणीच्या आधीच पैसे देऊन मोकळ्या होत. आपला खरा खर्च न्यायालयात उघड करण्यापेक्षा त्यांना हेच परवडत असावे, असे मला वाटते.

दावे वाढत गेले, तेव्हा 27 जुलै 2007 रोजी ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने सात बँका आणि नेशनवाइड ही गृहवित्त संस्था यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात कसोटी खटला (ज्याच्या निकालावर इतर दाव्यांची दिशा ठरावी असा खटला) दाखल केला व बाकीचे दावे सर्वसाधारणपणे स्थगित झाले. एप्रिल 2008 मध्ये न्यायमूर्ती अँड्र्यू स्मिथ यांनी दंडाचा मुद्दा फेटाळला, परंतु 1999 च्या नियमांखाली शुल्काची रास्तता तपासता येईल असे ठरवले. फेब्रुवारी 2009 मध्ये अपील न्यायालयानेही तेच म्हटले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मात्र 25 नोव्हेंबर 2009 रोजी एकमताने बँकांच्या बाजूने कौल दिला. खात्याच्या सर्व सेवांसाठी बँक घेत असलेल्या एकूण किमतीचाच हे शुल्क एक भाग आहे आणि सेवेच्या मानाने किंमत योग्य आहे का, हे नियमावलीतील अपवादामुळे तपासता येत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. न्यायालयाने शुल्क रास्त आहे असे कुठेही म्हटले नव्हते. तरीही बातमी तशीच पसरली, हे ग्राहकांचे मोठे दुर्दैव.

या युक्तिवादातच वादाचे मूळ दिसते. शिल्लक असलेल्यांना खाते फुकट मिळे, कारण शिल्लक कमी पडणाऱ्यांकडून 2006 या एका वर्षात सुमारे 2.6 अब्ज पौंड गोळा झाले होते. हा भार सर्वात तंगीतल्या घरांवर टाकणे अन्यायाचेच होते.

डिसेंबर 2009 मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने माघार घेतली. त्यानंतर आर्थिक अडचणीचे कारण दाखवून बँकेकडे आणि मग बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या वित्तीय लोकपालाकडे तक्रार करणे, एवढीच वाट मुख्यतः उरली. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने किमतीची अट स्पष्ट व ठळक असेल तरच तिला संरक्षण दिले. खरा बदल 6 एप्रिल 2020 रोजी झाला. वित्तीय नियामकाने ठरावीक रकमेचे शुल्क बंद केले, किंमत साध्या वार्षिक व्याजदरानेच आकारण्यास सांगितले आणि मर्यादेबाहेरच्या उचलीला मंजूर उचलीपेक्षा जास्त दर लावण्यास मनाई केली; अनेक बँकांनी मग तो दर 40 टक्क्यांच्या आसपास नेला. मागील कपातींना हे नियम लागू नव्हते, त्यामुळे 2007 मध्ये ज्यांचे दावे अडकून पडले होते, त्यांना त्यातून काहीच मिळाले नाही.