तांबेरा आणि गंज: रंग एक, कूळ वेगळं

भाद्रपदात कृष्णाकाठच्या सोयाबीनमध्ये शिरलं की खालच्या पानांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पान उलटं करून अंगठा फिरवला की विटकरी पूड हाताला लागते. पावसात भिजलेल्या कोळप्याच्या फाशीवर, म्हणजे लोखंडी पात्यावर, बोट फिरवलं, तरी जवळपास तशीच पूड. पानावरचा तो तांबेरा, फाशीवरचा तो गंज. दोन्ही इतके सारखे दिसतात की 'बोअरच्या पाण्यात लोह जास्त आहे, म्हणून पान तांबडं झालं' असं धरून कुणी फवारणी लांबवतं आणि तेवढ्यात शेंगा भरायच्या राहतात. म्हणून हा फरक नीट माहीत असायला हवा.

गंजात जीव नसतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पाणी धरून ठेवणारं लोहाचं ऑक्साइड तयार होतं, तोच गंज. तो भुसभुशीत असतो, त्याचे पोपडे सुटतात, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजायला लागतं. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. स्लॅबमधली सळई गंजली की वरचं काँक्रीट फुटून पडतं, ते त्या फुगण्यामुळे.

तांबेरा मात्र जिवंत आहे, ती बुरशी आहे. सोयाबीनवरच्या बुरशीचं शास्त्रीय नाव फॅकोप्सोरा पॅकिरायझी. ती फक्त जिवंत पेशींवर जगते, वाळक्या काडीवर वाढत नाही. पानाच्या खालच्या बाजूला बारीक फोड येतात, ते फुटले की पूड बाहेर पडते. त्या पुडीचा कण न् कण म्हणजे बुरशीचा बीजाणू. तांबेऱ्यांच्या बीजाणूंना तो पिवळसर-तांबूस रंग देणारी द्रव्यं गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातली असतात. त्या रंगाचा लोहाशी काही संबंध नाही.

तरीही नाव देताना माणसानं सगळीकडे रंगाकडेच पाहिलं. आपण तांब्यावरून तांबेरा म्हटलं. गव्हावरच्या याच जातीच्या रोगाला गेरूवरून गेरवा म्हटलं, आणि गेरू तर मुळात लोहाचंच ऑक्साइड! इंग्रजीत गंजालाही रस्ट आणि तांबेऱ्यालाही रस्टच म्हणतात. हा शब्द 'तांबडा' या अर्थाच्या प्राचीन शब्दमुळापासून आला. इंग्रजीतला 'रेड' आणि आपले रुधिर, रोहित हे शब्दही त्याच मुळाचे. लोह हा शब्दसुद्धा जुन्या संस्कृतात तांबूस धातूला, म्हणजे तांब्याला, वापरत. लोखंडाला तो नंतर चिकटला.

रोमन लोकांच्या लॅटिनमध्येही 'रोबिगो' हा एकच शब्द दोन्हींसाठी होता. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून ते २५ एप्रिलला रोबिगस देवाचा सण करत आणि कुत्र्याचा बळी देत. कवी ओव्हिडनं त्या सणाची प्रार्थना नोंदवली आहे. तिचा आशय असा, की धरायचंच असेल तर कोवळ्या पिकाला सोडून कठीण लोखंडाला धर, तलवारी आणि भाले खा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं हे मागणं मला फार जवळचं वाटतं.

साताऱ्याला या विषयात मोठा मान आहे. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथली थंड, दमट हवा गेरव्याला मानवते, म्हणून गव्हाचे वाण तिथे मुद्दाम रोगाच्या तोंडी देऊन पारखले जातात. गेरवा तीन प्रकारचा: खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा. सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खिरीसाठी पिकणारा खपली गहू तर या शास्त्रात जगभर पोचला. काळ्या गेरव्याच्या उपजाती ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी १९२०च्या दशकात बारा गव्हांचा संच ठरवला, त्यातल्या एकाचं नावच 'खपली' आहे. काळ्या गेरव्याला दाद न देण्याबद्दल तो ओळखला जातो.

दोघांनाही ओल लागते, पण पसरण्याची रीत अगदी निराळी. गंजक्या विळ्याशेजारी कोरडा विळा ठेवला तर तो काही गंजत नाही. तांबेऱ्याचे बीजाणू मात्र वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. दव, धुकं, झिमझिम पाऊस यांनी पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की ते रुजतात. पानं पिवळी पडून अवेळी गळतात, दाणा बारीक राहतो.

ओळखायला सोपी खूण सांगतो. लोहाच्या पाण्याचा डाग पानाच्या वरच्या बाजूला सपाट बसतो आणि त्याला फोड नसतात. तांबेऱ्याचे फोड पानाखाली असतात, बोटाला खरखरीत लागतात आणि रोज वाढत जातात.

अवजाराचं काम सोपं आहे: माती धुवायची, कोरडं पुसायचं, जळकं ऑइल लावायचं. पिकाचं मात्र पेरणीआधीच ठरवावं लागतं. कृष्णाकाठी तांबेरा दरसाल डोकं काढतो आणि जेएस ३३५ सारखा जुना वाण त्याला लवकर बळी पडतो. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचे फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) हे वाण तांबेऱ्यात बऱ्यापैकी तग धरतात. तरीही खालच्या पानांवर पहिले फोड दिसले की थांबू नये. हेक्साकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात १० मिली घेऊन फवारावं, आणि नोझल असं धरावं की पानाची खालची बाजू नीट भिजेल.