किर्लोस्करवाडी नेमकी कुठल्या राजधानीची?

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला कुणी ‘राजधानीलगतचं उद्योगनगर’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो: राजधानी कुठली, औंध संस्थानाचं औंध की शेजारचं कुंडल गाव?

औंधचा हक्क कागदोपत्री आहे. बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा लोखंडी नांगर बनवणारे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि 10 हजार रुपये बिनव्याजी दिले. साल 1910. माळावर निवडुंग आणि साप. संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आणि खुद्द औंधला रूळ नाहीत, त्यामुळे राजधानीपासून 50 किलोमीटरवर कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती, म्हणून सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पुढे उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र, पंप असा माल वाढला आणि कामगारांची वसाहत वसली.

कुंडलचा हक्क मात्र लोकांच्या तोंडी. इथं कधीकाळी चालुक्यांची राजधानी होती असं सांगतात. डोंगरावरची जैन तीर्थं जुनी आहेत, पण राजधानीचा दावा मला पटत नाही. खरी ‘राजधानी’ 1943 ते 46ची. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांनी ‘प्रतिसरकार’ उभारून गावोगाव न्यायदान सुरू केलं, दारूबंदी केली, स्वस्तात लग्नं लावली. त्या कारभाराचं कुंडल हे मोठं ठाणं. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली गेली, तीही याच वाडीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर.

या कारभाराच्या नावाचाही घोळ आहे. ‘प्रतिसरकार’ म्हणजे समांतर सरकार. ‘पत्री सरकार’ कुठून आलं यावर एकमत नाही. बैलाच्या खुराला ठोकतात तशी पत्री खबऱ्यांच्या तळपायाला ठोकायचे, ही एक गोष्ट. प्रत्यक्षात तळव्यांवर काठ्या मारत, असं दुसरे सांगतात. तिसरं मत साधं आहे: ‘प्रति’चं बोलण्यात ‘पत्री’ झालं. मला तिसरं पटतं, पण पहिली गोष्ट ऐकायला जास्त रंगते आणि चळवळीच्या विरोधकांच्याही सोयीची होती. त्यामुळे तीच टिकली.

त्यात भर ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ या नावाची. तेव्हा सातारा हा मोठा जिल्हा, त्यात औंधची गावं बेटांसारखी. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून साताऱ्याच्या नावावरचा हा इतिहास आज सांगली जिल्ह्यात सापडतो, आणि दोन्ही जिल्हे त्यावर हक्क सांगतात.

नंतरचं चित्र सर्वांना माहीत आहे. कृष्णेचं पाणी पंपांनी माळावर चढलं, ऊस आला, साखर कारखाने आले, पलूसकडे द्राक्षबागा आणि औद्योगिक वसाहत. वाडीच्या पंपांना घराजवळच मोठं गिऱ्हाईक मिळालं, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पाहुण्यांना सागरेश्वरचं अभयारण्य आणि देवराष्ट्र्याची देवळं दाखवतात. जुना कारखाना आणि वसाहत मात्र पाहण्याच्या यादीत क्वचितच असते.

कुंडल रोड स्टेशनचं नाव कारखान्यामुळे किर्लोस्करवाडी झालं. लोकांनी राजधानी म्हटलेलं कुंडल पाटीवरून गेलं, आणि औंध तर तिथं कधी नव्हतंच.