सामू
सामू अर्थात पीएच हे पाण्यातील द्रावण किती आम्लधर्मी किंवा विम्लधर्मी (अल्कधर्मी) आहे हे सांगणारे माप आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना 1909 मध्ये ते मांडले. द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचा ऋण लघुगणक म्हणजे सामू. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी आम्लता जास्त. एका अंकाचा फरक दहापट असतो, दोन अंकांचा शंभरपट. जमिनीचा सामू 7.5 वरून 8.5 झाला, तर फरक किरकोळ आहे असे समजणे चूक आहे.

25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो. तो उदासीन मानतात. पण हा बिंदू तापमानाबरोबर सरकतो. 100 अंशांना शुद्ध पाण्याचा सामू सुमारे 6.1 भरतो, तरी ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते. श्रेणी 0 ते 14 अशी शिकवली जाते; तीव्र द्रावणांत त्याबाहेरचे आकडेही मिळतात.

सामू आम्लाची तीव्रता सांगतो, एकूण साठा सांगत नाही. हा भेद नीट समजून घ्यायला हवा. हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक आम्लांची सारख्याच संहतीची, लिटरला 0.1 मोलची द्रावणे घेतली, तर पहिल्याचा सामू सुमारे 1 आणि दुसऱ्याचा 2.9 येतो. तरीही दोन्ही पूर्ण उदासीन करायला कॉस्टिक सोडा सारखाच लागतो, कारण ॲसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू एका वेळी आयन सोडत नाहीत. सोडा पडेल तसे ते सोडत जातात.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात याचा रोजचा उपयोग आहे. उसाच्या ताज्या रसाचा सामू साधारण 5 ते 5.5 असतो. असा आम्लधर्मी रस काहिलीत तसाच तापत राहिला, तर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतात आणि गूळ नीट बसत नाही. म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात. आम्लता उतरते आणि मळी वर यायला मदत होते. मळी गोळा करण्यासाठी भेंडीचा चिकट रसही वापरतात. चुना जास्त झाला, की ग्लुकोज-फ्रुक्टोजचे विघटन होऊन गूळ काळपट पडतो. गुळव्या हे सारे रसाच्या रंगावरून आणि फेसावरून ओळखतो. त्याच्या नजरेला मी फार मानतो, पण ऊस बदलला की रसही बदलतो, आणि तिथे सामू मोजण्याचा आधार मोलाचा ठरतो.

जिल्ह्याच्या जमिनीत तर श्रेणीच्या दोन्ही बाजू दिसतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या मुसळधार पावसाच्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत. तिथे स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जाऊन पिकाला कमी मिळतो. पूर्वेला शिरोळच्या काळ्या जमिनींत उलट अडचण आहे. सामू वाढला की लोह, जस्त मातीत असूनही मुळांना घेता येत नाही आणि उसावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात.

मापनासाठी लिटमस ढोबळ उत्तर देतो. हळदीचा पिवळा रंगही विम्लधर्मी द्रावणात तांबडा होतो. नेमका आकडा काचेच्या इलेक्ट्रोडच्या मीटरवर मिळतो. तो आधी ज्ञात सामूच्या बफर द्रावणांवर जुळवून घ्यावा लागतो. अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी 1934 मध्ये असा मीटर लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी बनवला होता. माती परीक्षणात मातीच्या एका भागाला अडीच भाग पाणी घालून, ढवळून वाचन घेतात.

मातीच्या अहवालात सामूशेजारी विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा, दिलेली असते. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. मीठफुटी क्षारयुक्त जमिनीत वाहकता जास्त, पण सामू बहुधा 8.5 च्या आत असतो. चांगला निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीचा सामू 8.5 च्या वर जातो. तिथे सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. अशा जमिनीला नुसते पाणी देऊन भागत नाही. जिप्समच्या कॅल्शियमने सोडियम आधी सुटा करावा लागतो आणि मग तो निचऱ्याच्या चरांतून बाहेर काढावा लागतो. जिप्सम किती लागेल, हे मात्र सामूवरून ठरत नाही. मातीची जिप्सम-गरज वेगळी तपासून घ्यावी लागते.